गरम पाण्याच्या कुंडात सोनं येतं कुठून? (बाबांनी अडचणीत आणलंय, मदत करा)

निवांत_नाखवा

मंडळी, वर्षभराने धागा काढतोय, सांभाळून घ्या. आई-बाबा सध्या आमच्याकडे हॅमिल्टनला आलेत (न्यूझीलंडचं हॅमिल्टन, कॅनडाचं नव्हे). गेल्या शनिवारी त्यांना रोटोरुआच्या खाली वायोटापूला घेऊन गेलो. सकाळी सव्वादहाला तिथे लेडी नॉक्स नावाचा गिझर उडतो, म्हणजे एक माणूस येऊन त्यात साबण टाकतो आणि मग तो उडतो. आईचं मत: "साबणाचं पाणी बघायला एवढे पैसे?" असो.

खरा विषय पुढे आहे. तिथे शॅम्पेन पूल म्हणून एक कुंड आहे, साधारण ६५ मीटर रुंद आणि साठेक मीटर खोल, पाणी पंचाहत्तर डिग्रीच्या आसपास, मधे हिरवंनिळं आणि काठाला अशी झणझणीत केशरी कड की वाटावं कोणीतरी शेंदूर फासलाय. खालून सतत बुडबुडे. मी आपला भाव खात सांगितलं की बाबा, ह्या केशरी गाळात सोनं असतं बरं का. कुठेतरी वाचलेलं होतं. झालं. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, पाण्याचा विषय निघाला की ते कोणाला सोडत नाहीत. म्हणाले, "राजवाडीच्या कुंडात मी शाळेत असल्यापासून आंघोळ करतोय. तुरळला, आरवलीला, उन्हवऱ्याला, सगळीकडे गरम पाणी. मग आमच्याकडे सोनं का नाही? आणि इथे आलं तर आलं कुठून?"

गाडीत दोन तास हाच विषय. मला कॉम्प्युटरपलीकडे काही कळत नाही. इथे कोणी खडकवाले असतील तर सांगा, मी बाबांना वाचून दाखवीन.

उगाच_एक

खुर्ची टाकून बसलोय. साबण टाकल्यावर सोनं निघतं का तेवढं आधी सांगा.

मृण्मयी_ता

वाचतेय. गणेशपुरीला लहानपणी जायचो ते आठवलं, पायाला चटके आणि नंतर भजी.

गारगोटीवाला

नाखवा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, कारण ते दोन्ही प्रश्न बरोबर क्रमाने विचारतायत. मी पुण्यात जिऑलॉजी केलं आणि नंतर बारा वर्षं ड्रिलिंगच्या कोअर (खोल भोक मारून काढलेले खडकाचे दांडके) बघण्यात घालवली, त्यातली तीन पापुआ न्यू गिनीत. जमेल तसं लिहितो.

पहिलं म्हणजे तुम्ही थाप मारली नाहीत. १९६९ साली वाइसबर्ग नावाच्या माणसाने तिथल्या कुंडांतला केशरी गाळ तपासून पेपर लिहिला, शॅम्पेन पूलच्या गाळात टनाला ८० ग्रॅमपर्यंत सोनं निघालं. ८० ग्रॅम हा आकडा खाणवाल्यासमोर काढला तर तो चहा खाली ठेवतो, कारण टनाला चार-पाच ग्रॅम असलं तरी खाण चांगली चालते. पण तो गाळ आहे केवढा, काठावरची कड! शिवाय केशरी रंग सोन्याचा नाहीच, तो अँटिमनी आणि आर्सेनिकच्या सल्फाइडचा. जोडीला पाराही असतो. तेव्हा बाबांना म्हणावं हात लावू नका.

आता येतं कुठून. साध्या खडकात सोनं सगळीकडे असतं, पण टनाला काही मिलिग्रॅम. म्हणजे सोनं "बनण्याचा" प्रश्नच नाही, प्रश्न आहे विखुरलेलं सोनं उचलून एका जागी आणून टाकण्याचा. हमाल लागतो. तो हमाल म्हणजे गरम पाणी, पण नुसतं गरम पाणी हे काम करू शकत नाही. सोनं शुद्ध पाण्यात विरघळायला तयार नसतं, म्हणून तर आपण अंगठी घालून भांडी घासतो. त्याला लागतं गंधक. जमिनीखाली दोन-अडीचशे डिग्रीच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्याचा वास, रोटोरुआत उतरल्या उतरल्या येतो तोच) विरघळलेला असतो, आणि सोन्याचा एक अणू त्या गंधकाच्या दोन रेणूंमध्ये बसून प्रवास करतो. पालखी समजा. एका सोन्याला दोन भोई. भोई आहेत तोवर पालखी चालते. न्यूझीलंडच्याच टेरी सुअर्डने १९७३ मध्ये प्रयोगशाळेत मोजून दाखवलं की ह्या भोयांमुळे पाण्यात किती सोनं मावतं.

आणखी खोल, जिथे पाणी फार तापलेलं, खारट आणि आंबट असतं, तिथे गंधकाऐवजी क्लोरिन म्हणजे मिठातला भाऊ हे काम करतो. ते सध्या बाजूला ठेवू.

भोई पळतात कधी हा खरा मजेचा भाग आहे पण आत्ता कुकर लावायचाय, रात्री लिहितो.

सराफकट्टा

गारगोटीवाला काका, छान लिहिताय, थांबू नका. आमचं तीन पिढ्यांचं दुकान आहे. एक शंका: हे जे जमिनीतून निघतं ते चोवीस कॅरेटच असतं का? आजोबा सांगायचे की खाणीचं सोनं "फिकट" असतं.

घाटपांडू

मी जरा वेगळं ऐकलंय. सोनं सगळं उल्कांमधून आलं. मग हे गरम पाणी वगैरे कशाला?

गारगोटीवाला

@घाटपांडू पृथ्वीच्या वरच्या थरात सोनं मुळात कसं आलं त्याबद्दल तो एक विचार आहे, बरोबर. पण तो अब्जावधी वर्षांपूर्वीचा हिशोब झाला. गहू पंजाबातून आला हे खरं असलं तरी पोळी कशी लाटली ते सांगावंच लागतं ना.

@सराफकट्टा आजोबा शंभर टक्के बरोबर. ज्वालामुखीच्या गरम पाण्याने बनलेल्या शिरांमधलं (म्हणजे खडकातल्या भेगा भरून बसलेल्या पट्ट्यांमधलं) सोनं बहुतेक वेळा चांदी मिसळलेलं असतं, त्याला इलेक्ट्रम म्हणतात. चांदी जास्त असेल तर रंग इतका फिका की नवख्याला पितळ वाटेल.

आता भोई. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आत ढकलली की काय होतं? दाब सुटतो आणि आत शांत बसलेला वायू फसफसून बाहेर येतो. जमिनीखाली तेच. एक किलोमीटर खोलीवर वरच्या पाण्याच्या दाबामुळे पाणी जवळजवळ तीनशे डिग्रीपर्यंत न उकळता राहू शकतं. तेच पाणी भेगेतून वर चढत गेलं की दाब कमी होतो आणि एका खोलीवर ते उकळायला लागतं, साधारण तीनशे मीटरवर म्हणाल तर सव्वादोनशे-अडीचशे डिग्रीला. उकळताना आधी काय पळतं? वायू. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड वाफेबरोबर निघून जातात. म्हणजे भोई पळाले! पालखी तिथेच टेकली. सोनं भेगेच्या भिंतीला चिकटतं, त्याबरोबर क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, कॅल्साइट म्हणजे चुन्याचं खनिज, आणि ॲड्युलेरिया नावाचं आणखी एक खनिज.

ह्याचा पुरावा प्रयोगशाळेत नाही, पाइपात मिळाला. वायोटापूपासून जवळच ब्रॉडलँड्स म्हणजे आताचं ओहाकी, तिथे वीज बनवायला गरम पाण्याच्या विहिरी खणल्या होत्या. विहिरीच्या तोंडाशी दाब उतरवायला भोकं असलेल्या धातूच्या चकत्या बसवलेल्या. केविन ब्राउनने १९८६ मध्ये दाखवलं की त्या चकत्यांवर जो थर जमतो त्यात सोन्याचं प्रमाण टक्क्यांमध्ये आहे. ग्रॅम नाही, टक्के! आणि मूळ पाण्यात किती, तर टनाला दीडेक मिलिग्रॅम. म्हणजे खाण बनायला लाखो वर्षं लागतात हे आपण समजतो ते एका दृष्टीने खरं, पण सोनं बाहेर पडायची क्रिया स्वतः एका चकतीच्या जाडीत उरकते.

मृण्मयी_ता

हे म्हणजे आमच्या गीझरच्या कॉइलवर बोअरच्या पाण्याचा क्षार चढतो तसं झालं! प्लंबर दरवर्षी ठोकून काढतो. त्याला सांगायला हवं, नीट बघ म्हणावं.

गारगोटीवाला

अगदी तसंच, ताई, पण तुमच्या बोअरमध्ये गंधकाचे भोई नाहीत. प्लंबरला आशा दाखवू नका, बिल वाढवेल.

उगाच_एक

मी हिशोब घातला तर? टनाला दीड मिलिग्रॅम. गच्चीवरची हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन पाणी. एक तोळा दहा ग्रॅम धरला तर साडेसहा हजारांच्या वर टाक्या. सोसायटीत टँकरवरून आधीच भांडणं चालू आहेत, राहू दे.

सराफकट्टा

तोळा ११.६६ ग्रॅम हो. दहाचा नंतर सोयीसाठी झाला. :)

निवांत_नाखवा

बाबांना वाचून दाखवलं. भोई आवडले. पण लगेच पुढचा प्रश्न, आणि मला तो बरा वाटला: "वायोटापूला पाणी उकळतंय, वास येतोय, सगळं आहे, मग तिथे खाण का नाही? नुसती तिकिटं का विकतात?"

गारगोटीवाला

बाबांना आमच्या खात्यात घ्या.

कारण आपण चुलीकडे वरून बघतोय. सोनं बसतं ते पृष्ठभागाच्या काहीशे मीटर खाली, उकळीच्या पट्ट्यात. कुंड म्हणजे वर आलेली गळती. खाली काय जमलंय ते बघायचं तर वरचा डोंगर झिजून जायला हवा, आणि तोवर चूल विझलेली असते. टाउपोचा पट्टा (वायोटापू त्यातच येतं) आत्ता जिवंत आहे, तिथे आज सोन्याची मोठी खाण चालत नाही. पण तिथून दोन-तीन तासांवर उत्तरेला कोरोमंडल आहे (आपल्या चोळमंडलावरूनच! ह्या नावाचं इंग्रजांचं जहाज १८२० मध्ये तिकडे आलेलं, त्यावरून पडलं). तिथेही पूर्वी असेच ज्वालामुखी होते, अशीच कुंडं असणार. ते विझले, लाखो वर्षं पाऊस पडला, वरचा भाग वाहून गेला आणि शिरा उघड्या पडल्या. वाइहीची मार्था खाण ही त्यातलीच, शिरांचं वय साधारण साठ लाख वर्षं, सोनं सापडलं १८७८ मध्ये, १९५२ ला बंद पडली, १९८८ मध्ये उघड्या खड्ड्याच्या रूपात परत सुरू झाली. गावाच्या मधोमध खड्डा आहे, नाखवा, तुमच्यापासून दीड तास, बाबांना घेऊन जाच. वायोटापू जिवंत पेशंट आणि वाइही त्याच्याच आजाराचं पोस्टमॉर्टेम, दोन्ही एका दिवसात बघता येईल अशी जागा जगात फार नाही.

घाटपांडू

ठीक आहे, पण पाणी मुळात कुठलं? ज्वालामुखीतलं की पावसाचं? आणि सोनं खडकातून धुऊन घेतलं की लाव्हातून आलं? काका, तुम्ही हे सराईतपणे टाळलंत.

गारगोटीवाला

पकडलंत. टाळलं नाही, ते भांडण आहे म्हणून नंतर ठेवलेलं.

पाणी बहुतेक पावसाचं. हे हार्मन क्रेगने १९६३ च्या सुमारास दाखवलं, जगभरच्या गरम पाण्यातले हायड्रोजनचे आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) तिथल्याच पावसाशी जुळतात. पाऊस खाली मुरतो, काही किलोमीटर उतरतो, तापतो, हलका होतो, वर येतो. मग एक गट म्हणायचा की वाटेत खडकातून थोडं थोडं सोनं धुऊन घेतलं की काम भागतं, मॅग्माची (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाची) गरज फक्त चूल म्हणून. दुसरा गट म्हणायचा की छे, सोनं आणि गंधक दोन्ही मॅग्मातून निघालेल्या वायूबरोबर येतात.

दुसऱ्या गटाचं पारडं जड करणारी जागा मी स्वतः पाहिलीय, म्हणून जरा लांबण लावतो. पापुआ न्यू गिनीत लिहिर बेट. तिथे लुईझ नावाचा ज्वालामुखी, त्याचा एक अख्खा कडा पूर्वी कधीतरी समुद्रात कोसळला. विचार करा, कुकर चालू असताना झाकण उडालं. डोक्यावरचा शेकडो मीटर खडक गेल्यावर खालचा दाब झपकन उतरला, आणि त्या घोड्याच्या नालेसारख्या खड्ड्यातच सोन्याचा साठा आहे, लाडोलाम म्हणतात, तेराशे टनांच्या आसपास. खाण १९९७ मध्ये सुरू झाली. पण चूल अजून विझलेली नाही! खड्ड्याच्या तळातून वाफ येते, सुरुंगाची भोकं इतकी तापतात की साधी दारू भरता येत नाही. आम्ही बुटाचे तळवे जपत चालायचो. वाफेचा त्रास होतो म्हणून विहिरी मारून ती बाहेर काढली आणि तिच्यावरच खाणीसाठी ५६ मेगावॉटचं वीजघर बसवलं. रात्री मेसमधला बल्बसुद्धा ज्वालामुखीवर.

तर तिथे सिमन्स आणि ब्राउन (होय, चकत्यांवालाच ब्राउन) यांनी एक किलोमीटरहून खोल विहिरींतलं पाणी न उकळू देता जसंच्या तसं वर आणलं. हे महत्त्वाचं, कारण वर येईपर्यंत उकळलं तर सोनं पाइपातच राहतं आणि नमुन्यात काही सापडत नाही, आधीच्या अनेक लोकांचं तेच झालं होतं. त्यांना टनाला १५ मिलिग्रॅम सोनं मिळालं, म्हणजे ब्रॉडलँड्सच्या दहापट, आणि पाण्याची जात मॅग्माकडची. २००६ मध्ये छापलं. उगाच_एक, तुमच्या टाकीत १५ मिलिग्रॅम.

उगाच_एक

आता सातशे टाक्यांच्या आत एक तोळा. सेक्रेटरींशी बोलतो.

घाटपांडू

मग एवढ्या साठ्याला लागली किती वर्षं? ते सांगा.

गारगोटीवाला

त्यांनी काढलंय. खालून वर्षाला साधारण २४ किलो सोनं येतंय. तेराशे टन भागिले २४ किलो, चोपन्न-पंचावन्न हजार वर्षं. जिऑलॉजीत पंचावन्न हजार म्हणजे परवा! माणूस तेव्हा पृथ्वीवर हिंडत होता. आणि २४ किलोला १५ मिलिग्रॅमने भागलं तर पाणी किती लागतं बघा, सेकंदाला पन्नासेक लिटर. तुमच्या वडिलांना विचारा नाखवा, पन्नास लिटर म्हणजे काय.

निवांत_नाखवा

विचारलं. म्हणाले, "पन्नास लिटर? हे तर पावणेदोन क्युसेक. पोटचारी झाली ही, कालवा पण नाही." आणि मग बराच वेळ गप्प. नंतर आईला सांगत होते की एवढ्या पाण्यावर आमची पन्नास एकर भिजायची आणि ह्यांनी तेराशे टन सोनं केलं.

सराफकट्टा

ही पोस्ट मी दुकानात लावणार आहे.

रुपेरी_वाळू

मी फुकुओकात राहते, दोन वर्षांपूर्वी कागोशिमाकडे फिरायला गेलो होतो. तिथे हिशिकारी नावाची खाण आहे, तिच्याबद्दल एका जपानी सहकाऱ्याने सांगितलं होतं. खाणीतून पासष्ट डिग्रीचं पाणी निघतं, ते उपसल्याशिवाय काम करता येत नाही, आणि तेच पाणी जवळच्या ओन्सेनला (गरम पाण्याच्या स्नानगृहांना) देतात. म्हणजे गावकरी सोन्याच्या खाणीच्या पाण्यात आंघोळ करतात. नाखवांच्या बाबांना आवडेल हे. खाणीत जाता येत नाही पण आंघोळ केली. अंग सोनेरी झालं नाही, नवऱ्याने तपासलं.

गारगोटीवाला

वा! हिशिकारी विसरलोच होतो, माझी आवडती. ती जेमतेम दहा लाख वर्षांची आहे, म्हणजे कोरोमंडलपेक्षा कोवळी आणि लिहिरपेक्षा थोडी थंडावलेली. १९८१ मध्ये जपानच्या सरकारी खनिज संस्थेने भोक मारलं आणि फक्त १५ सेंटीमीटर जाडीची शीर लागली, पण टनाला २९० ग्रॅम. १५ सेंटीमीटर म्हणजे एक वीतसुद्धा नाही. तेवढ्या वितीवर अख्खी खाण उभी राहिली, १९८५ पासून सोनं काढतायत आणि अजून सरासरी ग्रेड टनाला वीस ग्रॅमच्या घरात आहे.

शिरांचे फोटो शोधून बघा, पांढरे-राखाडी पट्टे एकावर एक, जसा खाजा. प्रत्येक पट्टा म्हणजे भेग उघडली, पाणी उकळलं, थर बसला, भेग बुजली, परत भूकंपाने उघडली. बुजणं हा ह्या धंद्यातला मोठा भाग आहे, कारण गारगोटी स्वतःच नळ चोंदवते. भूकंप नसते तर अर्ध्या शिरा अर्धपोटी राहिल्या असत्या.

मृण्मयी_ता

भूकंपावरून आठवलं, मध्ये बातमी होती की भूकंप झाला की क्षणात सोनं तयार होतं. ती खरी का?

गारगोटीवाला

मथळा चढवलेला होता पण आत दाणा होता. २०१३ मधलं वेदरली आणि हेन्ली यांचं काम. खोल भेगेत भूकंपाच्या धक्क्याने पोकळी अचानक फाकते, दाब इतका पडतो की पाण्याची जवळजवळ लगेच वाफ होते आणि विरघळलेलं सगळं तिथेच बसतं. एका धक्क्यात किरकोळ सोनं, पण धक्के हजारो. हा विचार जास्त करून खोलवरच्या, जुन्या शिरांसाठी आहे, आपल्या कोलारसारख्या. २०२४ मध्ये आणखी एक आलं, की क्वार्ट्झ दाबल्यावर वीज निर्माण करतो (गॅस पेटवायच्या लायटरमध्ये "टक" होतं तसं) आणि त्या विजेमुळे सोनं आधीच्या सोन्यावर जाऊन बसत असावं, म्हणून गोळे मोठे होतात. मला पटतं, माझ्या जुन्या बॉसला अजिबात पटत नाही.

घाटपांडू

कोलारचं नाव निघालंच आहे तर, ते पण ज्वालामुखीचंच ना?

गारगोटीवाला

खडक ज्वालामुखीचे आहेत, अतिप्राचीन. पण सोनं उथळ कुंडांखाली नाही बसलं, ते काही किलोमीटर खोल, डोंगर घडताना खडक दाबले-भाजले गेले त्यातून निघालेल्या पाण्याने आणलं, अडीच अब्ज वर्षांपूर्वी. म्हणून कोलारच्या शिरा तीन किलोमीटरच्या खाली गेल्या तरी संपत नव्हत्या, २००१ मध्ये खाण बंद झाली ती खर्च परवडेना म्हणून. उकळीवाल्या शिरांचं तसं नसतं. उकळीचा पट्टा संपला की त्याखाली गारगोटी असते पण सोनं नसतं. ह्या एका गोष्टीवर किती लोकांचे पैसे बुडालेत!

आता बाबांचा राहिलेला प्रश्न, कोकणात का नाही. मुद्दाम शेवटी ठेवला.

लोकांचा समज असतो की सह्याद्री लाव्हाचा, म्हणजे कोकणातलं गरम पाणी लाव्हामुळे गरम. नाही. आपला लाव्हा सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच थंड झाला. राजवाडी, तुरळ, उन्हवरे, पालीचं उन्हेरे, वर वज्रेश्वरी-अकलोली, ही सगळी किनाऱ्याला समांतर एका रांगेत आहेत कारण तिथे खोल भेगा आहेत. पावसाचं पाणी भेगेतून खूप खाली जातं, जमिनीच्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. खाली मॅग्माची चूल नाही. पाणी तिथे दोन-अडीचशे डिग्रीला पोचून दाबाखाली उकळत नाही, गंधक पुरवणारं कोणी नाही. काही कुंडांना वास येतो, कबूल, पण तेवढ्या भोयांनी सोन्याची पालखी उचलत नाही.

शिवाय लाव्हाची जात वेगळी. आपला डेक्कन ट्रॅप भेगांतून उतू गेलेल्या दुधासारखा पसरला, गंधकाचे वायू हवेत गेले. न्यूझीलंड, जपान, लिहिर, पेरू इथे पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीखाली घुसते किंवा पूर्वी घुसत होती, तिच्याबरोबर समुद्राचं पाणी, मीठ, गंधक खाली जातं, म्हणून तिथला मॅग्मा ओलसर आणि वायूने फुगलेला. अंटार्क्टिकातला एरेबस त्या जातीचा नाही, तरी तोही धुरातून दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास सोनं बाहेर टाकतो असं मोजलंय, सूक्ष्म कणांच्या रूपात, बर्फावर. म्हणजे सोनं निघणं वेगळं आणि अडकणं वेगळं. भारतात प्लेट घुसण्यातून झालेला जागता ज्वालामुखी बघायचा तर अंदमानचं बॅरन बेट.

सराफकट्टा

म्हणजे महाराष्ट्राच्या वाट्याला गरम पाण्याने काहीच दिलं नाही? वाईट वाटलं राव.

गारगोटीवाला

दिलंय की! मी गारगोटीवाला नाव उगाच घेतलं का? लाव्हा थंड झाल्यावर त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत कोमट-गरम पाणी फिरलं आणि त्यातून झिओलाइट नावाची खनिजं आणि त्यांच्या जोडीची इतर स्फटिकं बसली. जळगाव, नाशिक, पुणे, विहीर खणताना नाहीतर खाणीत खडी फोडताना निघतात. हिरवं ॲपोफिलाइट, गुलाबी स्टिलबाइट, निळं कॅव्हनसाइट तर वाघोलीचं जगात प्रसिद्ध. सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे तिथे जाऊन बघा. तत्त्व तेच, गरम पाणी, पोकळी, थर. फक्त पालखीत सोनं नव्हतं, काच आणि चुना होता.

रुपेरी_वाळू

काका, वाचनखूण साठवली. माझ्या मुलीला "भोई" म्हणजे काय ते समजावण्यात संध्याकाळ गेली, गंधक तिला आधीच माहीत होतं.

निवांत_नाखवा

शेवटचा अपडेट. काल वाइहीला गेलो. खड्डा बघितला, तो जुना काँक्रीटचा कॉर्निश पंपहाऊस बघितला जो २००६ मध्ये खड्ड्यात कोसळू नये म्हणून अख्खा तीनशे मीटर सरकवलाय (बाबा पाऊण तास तिथेच, कसा सरकवला असेल ह्यावर). मग कारंगाहाकेच्या घळीत. तिथे पाटीवर वाचलं की सायनाइडने सोनं काढायची पद्धत १८८९ मध्ये खाणीवर पहिल्यांदा इथेच वापरून बघितली. नदीकाठच्या दगडांत बाबांना एक पांढरा दगड दिसला. त्यात पातळ पातळ पात्या उभ्या-आडव्या एकमेकींत अडकलेल्या, जणू चकल्यांच्या सोऱ्यातून काहीतरी अर्धवट आलंय. फोटो जोडतोय. काका, हे काय आहे?

गारगोटीवाला

नाखवा!!! बाबांची नजर बघा. त्या पात्या मुळात कॅल्साइटच्या. पाणी जोरात उकळून कार्बन डायऑक्साइड पळाला की कॅल्साइट अशा पातळ पात्यांमध्ये घाईने वाढतं. नंतर गारगोटीने येऊन कॅल्साइट खाल्लं आणि आकार तेवढा ठेवला. म्हणजे हा दगड जिथे होता तिथे, बरोबर तिथेच, पाणी उकळत होतं. आम्ही कोअरमध्ये ह्या पात्या दिसल्या की पेटीवर खडूने मोठी फुली मारायचो. सोनं असेलच असं नाही, पण शेजारी कुठेतरी असू शकतं.

सराफकट्टा

पाठवा इकडे, तपासून देतो. फी घेणार नाही.

घाटपांडू

तिकडून दगड उचललेला चालतो का पण? सरकारी जागा असेल.

निवांत_नाखवा

नाही चालत, म्हणून परत ठेवायला लावला. बाबा ठेवताना दोनदा उलटापालटा करून बघत होते. रात्री बघतो तर मोबाईलच्या नकाशावर त्या जागेला चांदणी मारून ठेवलीय आणि वर नाव दिलंय, "राजवाडी २".